मदत हवी आहे : मुलांच्या स्वरतंतूंमधलं कोलॅजन वयाने घडतं की वापराने?

नमस्कार मंडळी,

मी लहान मुलांना गाणं शिकवते. सात-आठ वर्षांच्या मुलांकडून वरच्या पट्टीत किती गाऊन घ्यावं, हे ठरवण्यासाठी स्वरयंत्राबद्दल वाचायला घेतलं आणि एका ठिकाणी अडकले.

नवजात बाळाचा अख्खा स्वरतंतू जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर असतो आणि आतून जवळजवळ एकसारखा मऊ. मोठ्या माणसात मात्र पातळ आवरणाखाली तीन थर दिसतात : वरचा जेलीसारखा सैल, मधला इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाचा, आणि स्नायूला लागून असलेला कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या दाट तंतूंचा. खालच्या दोन थरांचा मिळून ताण झेलणारा स्वरबंध होतो. तो साधारण १ ते ४ वर्षांच्या दरम्यान दिसू लागतो, पण तिन्ही थर नीट वेगळे व्हायला मूल वयात यावं लागतं. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या मुलांचा ताण झेलणारा भाग अजून घडतोच आहे!

हे कोलॅजन नुसत्या वयाने जमतं की आवाज वापरल्याने? वापराने असेल, तर सराव वाढवून तो भाग बळकट होईल का? एका आईने कोलॅजन पावडरबद्दलही विचारलंय.

प्रतिसाद

ताई, वापराचा वाटा मोठा आहे. स्वरतंतूच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला मॅक्युला फ्लाव्हा नावाचे पिवळसर, दाट भाग असतात. कोलॅजन, इलॅस्टिन तयार करणाऱ्या पेशी तिथे असतात. जन्मापासून कधीच आवाज न काढलेल्या काही प्रौढांचे स्वरतंतू तपासले, तेव्हा वय वाढूनही स्वरबंध घडलेलाच नसल्याचं आढळलं.

पण म्हणून मुलांचा सराव वाढवू नका. रडणं, बोलणं, हसणं, सहज गाणं यातून पुरेशी कंपनं मिळतात, असं माझं मत. ओरडून किंवा ताणून गायलं की दोन्ही तंतू मधोमध जोरात आपटतात आणि तिथेच गाठी येतात. इजा भरताना येणारं कोलॅजन वेडंवाकडं असतं, त्याने तंतू ताठरतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच.

पावडर नको. पोटात तिचं पचन होऊन अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, ते स्वरतंतूंकडेच जातील असं काही नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. वरच्या पट्टीतला सराव आजपासून कमी करते. वर्गात एक तेरा वर्षांचा मुलगाही आहे, त्याचा आवाज नुकताच फुटायला लागलाय. त्याला या काळात गाऊ द्यावं का, आणि कोणत्या पट्टीत?