बॉक्स सेटमधले जादा टेक

बॉक्स सेटबद्दल, म्हणजे अनेक डिस्कच्या एकत्र संचाबद्दल, एक मत असं की ‘बॉक्स सेट म्हणजे जादा टेकची (एकाच धूनच्या पुन्हा पुन्हा केलेल्या रेकॉर्डिंगची) भरताड, एकदा ऐकायचे आणि कपाटात ठेवायचे’. हे मत स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगपुरतं बऱ्याच अंशी पटतं. एकाच धूनचे अर्धवट सुटलेले चार-पाच टेक सलग ऐकताना माझाही धीर सुटतो. पण मैफलीच्या रेकॉर्डिंगला हा न्याय लावू नये.

जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचंच बघा. २५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये त्यांनी दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट (मैफलीचे भाग) वाजवले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ६ जुलैला, बेसवादक स्कॉट लफारो मोटार अपघातात गेला. त्यामुळे त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमधून निघालेल्या पहिल्या एलपीची (तबकडीची) निवड त्याचं वादन पुढे येईल अशी झाली. सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच्याच रचनांनी. ती एलपी सुंदरच आहे, पण त्या दिवसाचा क्रम तिच्यात नाही. तो २००५ च्या तीन सीडींच्या संपूर्ण संचात मिळतो. अगदी पहिल्याच रचनेत मध्येच वीज गेल्यामुळे आवाज तुटतो, तेसुद्धा तसंच ठेवलंय! दुपारच्या आणि रात्रीच्या सेटमधली एकच धून लागोपाठ लावून बघा. लफारो नुसता ठेका धरत नाही, पियानोच्या वाक्यांमध्ये घुसून उत्तरं देतो, आणि ती उत्तरं दर वेळी वेगळी असतात. ड्रमवादक पॉल मोशनचे ब्रशही (ड्रमवर फिरवायचे कुंचले) त्यानुसार बदलतात. म्हणून संच घेताना मी आधी पुस्तिकेतल्या तारखा आणि सेटचा क्रम बघतो, डिस्क किती ते नंतर.