मदत हवी आहे: जुन्या टाटा सिएराची मागची डावी वळलेली काच कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातून लिहितोय, जिल्हा यवतमाळ. आमच्या घरी मोठ्या बाबांनी घेतलेली १९९६ ची टाटा सिएरा आहे, डिझेल, एमएच २९ पासिंग, अजून चालू. दिवाळीआधी वादळ आलं त्यात गोठ्याजवळच्या कडुनिंबाची फांदी तिच्यावर पडली न मागची डावी काच, ती खालून वर टपापर्यंत वळत जाते ना, तीच गेली. सकाळी पाहिलं तर मागच्या सीटवर ज्वारीची रास सांडल्यासारखे काचेचे दाणे. टपाला पोचा आला तो निघेल, पण काच कुठंच मिळून नाही राहिली आणि जूनमध्ये पुन्हा पासिंग आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९९१ ला ही आली तेव्हा गावाकडं चारचाकी म्हणजे जीप नाहीतर ॲम्बॅसडर. टाटामोबाईल पिकअपच्या चेसिसवर बनवली पण आत पॉवर विंडो, एसी, आरपीएमचा काटा, आणि स्टेपनी मागच्या दारावर. आमच्या गावात पोरं फक्त बटनानं काच वरखाली होते ते पाहायला यायची. पण दारं दोनच, मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून शिरा. मोठी आई लुगडं सावरत एक हात माझ्या खांद्यावर ठेवून चढायची ते मला अजून दिसतं. मग १९९४ ला सुमो आली, इंजिन तेच १९४८ सीसीचं आणि अख्खं घर लग्नाला नेता येईल एवढी जागा, तर लोकांनी सुमोच घेतली, त्यांचं काही चुकलं नाही. तरी मोठ्या बाबांनी दोन वर्षांनी सिएराच आणली. लोक म्हणायचे खेड्यात कायले पाहिजे असली गाडी, तर ते म्हणत, "चांगली वस्तू का शहरातल्यायनंच वापरावं?" बनवणाऱ्यांनी पंधरा-वीस वर्षं आधी बनवली असं मला मनापासून वाटतं. आता नोव्हेंबर २०२५ ला नवी सिएरा आली तिला पाच दारं आहेत.

इंजिनाचं टेन्शन नाही, सुमोचा माल बसतो. पुढचा काही पत्रा लागला तरी टाटामोबाईल किंवा टाटाच्याच जुन्या इस्टेट गाडीचा पाहता येतो. अडलंय ते या काचेपाशीच, ती दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही, इस्टेटची बॉडीच मागून वेगळी.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं दुसऱ्या गाडीची मोठी काच कापून बसवतो, ॲडव्हान्सही मागितला. पण टफन काच, म्हणजे तापवून कडक केलेली, एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, कापायला गेलं की सगळी चुरा, म्हणून मी नाही म्हटलं. दुसरा म्हणाला पत्रा ठोकून रंग मारू. ते तर मी जिवात जीव असेपर्यंत करणार नाही, त्या काचेशिवाय ती सिएरा कशी राहील?

तर विचारायचं असं की भंगारात निघालेल्या सिएराची डावी काच कोणाकडं आहे का, थोडी खरचटलेली असली तरी चालेल. नसेल तर एकच नग वाकवून लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) काच बनवून देणारा कोणी माहितीत आहे का, आणि साच्याचा खर्च साधारण किती येतो? उजवी काच शाबूत आहे, तिच्यावर खाकी कागद चिकटवून माप काढलंय, आणि टपाकडच्या वळणाला खर्डा कापून कापून जुळवलाय, उलटा धरला की डावीचा साचा होतो. आणि काचेऐवजी ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक प्लास्टिक बसवलं तर पासिंगला चालतं का, कोणी स्वतः केलं असेल त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

नागपूर, अमरावती, अकोला कुठंही मी स्वतः येतो, पुण्यालाही येईन, काच दोन रजयांत गुंडाळून आणीन.

सध्या ताडपत्री बांधलीय. मोठे बाबा ८० च्या वर आहेत, गाडी चालवणं बंद झालं, पण रोज सकाळी काठी टेकत जाऊन ताडपत्रीची गाठ ओढून पाहतात आणि मला विचारतात, "भेटली का रे काच?" कोणाला काही माहीत असेल तर कृपया लवकर कळवा, फोटो आणि मापं लगेच पाठवतो.