‘विषाक्तता’ लिहावं की ‘मारकता’?

निपाणीकर : पुतणी बेळगावात एम.एस्सी. करते. केमोची औषधं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींना किती मारतात आणि निरोगी पेशींना किती, हा तिचा विषय. घरच्यांना कळावं म्हणून तिनं दोन पानं मराठीत लिहिली आणि ‘टॉक्सिसिटी’ला सगळीकडे ‘विषाक्तता’ घातलं. वहिनी वाचून म्हणाली, “म्हणजे औषधात भेसळ सापडली का गं?” आता काय लिहावं? विषारीपणा? विषबाधा?

शहापूरवाली : वहिनींचा कान पक्का आहे. विषाक्त म्हणजे विष + अक्त. अक्त म्हणजे माखलेलं, जसं तैलाक्त. मूळ वस्तू निराळी आणि विष वरून लावलेलं. अमरकोशात हा शब्द बाणांच्या ओळीत येतो, दिग्ध आणि लिप्तक यांच्या शेजारी. गंमत म्हणजे ‘टॉक्सिक’चं मूळही तिथंच. ग्रीकमध्ये तोक्सोन म्हणजे धनुष्य, आणि त्यावरून बाणाला लावायच्या विषाचं नाव पडलं. दोन्ही शब्द भात्यातूनच आले. पण इंग्रजीत बाण केव्हाच विसरला गेला, मराठीत अजून माखल्याचा वास येतो. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला कुणी विष माखलेलं नाही, पेशी मारणं हाच त्याचा गुण. विषबाधा तर नकोच, ती लग्नाच्या जेवणातून होते.

खानापूरकर : आमच्याकडे यासाठी शब्द नाही, क्रियापदं आहेत. औषध *लागू पडलं*, औषध *बाधलं*. आईची केमो चालू होती तेव्हा शेजारणी हेच दोन प्रश्न विचारायच्या. गाठ आटली तर लागू पडलं, तोंड सोललं आणि पांढऱ्या पेशी उतरल्या तर बाधलं. कर्करोगाच्या पेशींसाठी एक शब्द आणि चांगल्यांसाठी दुसरा, असं करा की.

शहापूरवाली : दादा, रुग्णाबद्दल बोलताना अगदी बरोबर. पण पुतणीच्या काचेच्या बशीत रुग्ण नाही, नुसत्या पेशी आहेत. सिस्प्लॅटिन पेशीच्या डीएनएला चिकटतं, मग त्याची नक्कल नीट निघत नाही आणि पेशी मरते. समोरची पेशी चांगली की वाईट हे त्याला कळत नाही. कर्करोगाची पेशी सारखी दुभंगत असते म्हणून जास्त सापडते. केसांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेतही पेशी भराभर दुभंगतात, म्हणून त्याही सापडतात. एकाच कृतीला इकडे ‘लागू पडणं’ आणि तिकडे ‘बाधणं’ म्हटलं, की आपली इच्छा औषधाच्या अंगावर घातल्यासारखं होतं. तिथं दोन्हीकडे एकच कोरडा शब्द हवा : पेशीमारकता. कीटकनाशकाची, साबणाची मारकता आपण म्हणतोच.

‘बाधणं’ मात्र टाकू नका. ब्लिओमायसिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचं उदाहरण घ्या. ते मुख्यतः वृषणाच्या कर्करोगात आणि हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात देतात. त्याला मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) फुप्फुसात आणि त्वचेत फार कमी असतं, म्हणून ते नेमकं तिथं साचून इजा करतं, काहींच्या फुप्फुसात व्रणासारखे तंतू धरतात. याला ‘औषध फुप्फुसाला बाधलं’ यापेक्षा चांगलं मराठी मला तरी सुचत नाही.

आणखी एक. तिनं ‘कर्करोगग्रस्त पेशी’ लिहिलं असेल तर बदला. ग्रस्त असतं फुप्फुस, माणूस. ती पेशी स्वतःच रोग आहे. ‘कर्कपेशी’ पुरे.

निपाणीकर : लिहिलंय खरं! तिच्याकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या दोन जातीच्या पेशी आहेत, कर्कपेशी म्हणून ए५४९ आणि निरोगी म्हणून एमआरसी-५. आणि एक आकडा सारखा येतो, आयसी-५०. त्याला तिनं ‘विषाक्तता मूल्य’ म्हटलंय. ‘मूल्य कमी’ वाचून आम्ही सगळे खूश, की औषध सौम्य आहे!

शहापूरवाली : उलटं झालं. पेशींची वाढ किंवा जगणं निम्म्यावर आणायला जेवढं औषध लागतं, तेवढा हा आकडा. कमी औषधात काम झालं म्हणजे औषध जहाल. ‘निम्मी मारक मात्रा’ लिहा. ‘मात्रा कमी लागली’ म्हटलं की घरात कुणीही चुकणार नाही, मात्रा उगाळून चाटवलेली घरं आहेत आपली. कर्कपेशींना थोडी मात्रा पुरावी आणि निरोगी पेशींना भरपूर लागावी, एवढंच बघायचं असतं.

‘निरोगी’ या शब्दालाही मी जरा अडखळते. एमआरसी-५ गर्भाच्या फुप्फुसातून 1966 साली काढलेल्या, आधार-ऊतीतल्या पेशी. ए५४९ 1972 च्या, अस्तराच्या जातीच्या. म्हणजे तुलना दोन भावंडांची नाही. ‘कर्करोग नसलेल्या पेशी’ लांबडं आहे, पण खरं आहे.

खानापूरकर : फुप्फुस की फुफ्फुस, तेही सांगून टाका.

शहापूरवाली : दोन्ही छापलेलं दिसतं. एकच धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

निपाणीकर : पुतणीला सगळं वाचून दाखवलं. ‘मारकता’ आणि ‘मात्रा’ तिनं घेतलं. ‘पेशी’वर मात्र अडली आहे. वर्गात मैत्रिणींशी कानडीत बोलताना पेशीला *जीवकोश* आणि फुप्फुसाला *श्वासकोश*, हिंदी पुस्तकात *पेशी* म्हणजे स्नायू. वहिनीनं लगेच विचारलं, “मग मामांच्या पायात गोळा येतो, ती कुठली पेशी?”