पिल्लू नराने मारलं की झूवाल्यांच्या घाईने?

गवतफुला: लंडन झूची जुनी केस, पण डोक्यातून जात नाही. येबोआ हा तिथला गोरिला मार्च २०१० मध्ये मेला तेव्हा त्याची मादी म्जुकू गाभण होती. ऑगस्टमध्ये डब्लिनहून केशो हा नवा नर आणला, ऑक्टोबरात पिल्लू झालं, नाव टायनी. मे २०११ मध्ये केशोशी ओळख करून देताना टायनीचा हात मोडला नि ऑपरेशन चालू असतानाच तो गेला, जेमतेम साडेसहा महिन्यांचं पोर! परक्या नराला दुसऱ्याचं पिल्लू खपत नाही हे यांना ठाऊक नव्हतं?

सातपुड्या: अहो ताई, ठाऊक होतं म्हणूनच तर आधी वेगळं ठेवून टप्प्याटप्प्याने ओळख चालली होती. आपल्या वानरांत नवा हुप्प्या टोळी बळकावतो तेव्हा हेच करतो की, जपानी संशोधक सुगियामांनी साठच्या दशकात धारवाडला पाहिलंय, पुढे अमेरिकी संशोधक सारा हर्डींनी माउंट अबूला. अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, बस. गोरिला तर तीन-चार वर्षं पाजते, तोवर नराने काय वाट बघायची?

गवतफुला: नराने नको, झूने बघायची ना वाट!

नागपुरी काकू: आमच्या माहेरी हुप्प्या बदलला तेव्हा एक वानरीण पिल्लू पोटाशी धरून दोन दिवस कडुनिंबावरून शाळेच्या कौलांवर, तिथून गोठ्यावर, नुसती पळत होती, खाणंपिणं काही नाही. पण पळायला गाव तरी होतं बाई. पिंजऱ्यात ती जाईल कुठं?

सातपुड्या: काकू, मुद्दा बरोबर. पण तीन वर्षं मायलेकरं कोंडून ठेवली तर पोराला कळप कळणार कसा, आणि हाताने वाढवलं तर ते माणसांनाच आपलं समजतं. धोक्यात आलेली जात टिकवायची तर नवा नर आणावाच लागतो.

गवतफुला: आणा की, नको कोण म्हणतंय. काही झूत बारकी दारं असतात, मादी पिल्लू घेऊन सटकते नि नराचे खांदे अडकतात.

सातपुड्या: खांदे अडकतील हो, हात पोचतो त्याचं काय? आणि खायला तिला परत त्याच अंगणात यायचंय.