नीरा डावा कालवा, नीरा ते बारामती आणि पुढे: टायर, काटे, हंगाम

मुठाकाठ
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नीरा गावातून डाव्या कालव्याच्या सेवा रस्त्याने बारामती, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी जमेल तेवढं सणसर-भवानीनगरच्या बाजूला, असा बेत आहे. ग्रॅव्हल सायकल, ७०० × ३८ टायर, आत साधी ट्यूब. फ्रेममध्ये ४५ मिमीपर्यंत जागा आहे. पुढे ४० दाती, मागे ११-४२. वजन ७४ किलो, सामान साधारण ५ किलो.

प्रश्न असे: ३८चा टायर पुरेल का? ट्यूबलेस (ट्यूब काढून आत भोकं बुजवणारं द्रव, सीलंट) करावंच लागेल का? कालव्याच्या कोणत्या बाजूने जायचं? आणि जानेवारी योग्य की नाही? चढ नाहीच, त्यामुळे गिअरची काळजी नाही. डांबरी रस्त्याने चाळीसेक किलोमीटर आहे, कालव्यानेही तेवढंच धरलं आहे.

पाटाकडेने
शेवटचं गणित आधी सोडा. कालवा समपातळीने, टेकडीच्या कडेकडेने काढलेला असतो. ओढा आला की तो आत वळसा घेतो, ओढा ओलांडतो आणि परत बाहेर येतो. निंबूत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव ही गावं डांबरी रस्ता सरळ जोडतो, कालवा नाही. त्यामुळे अंतर चांगलंच वाढतं. उपग्रह नकाशावर कालव्याची रेघ स्वतः बोटाने ओढून मोजा. रस्ता शोधून देणारी ॲपं सेवा रस्त्याला रस्ताच समजत नाहीत आणि दर दोन किलोमीटरला तुम्हाला डांबरीवर आणून सोडतात.

बाजू. कालवा नदीच्या डाव्या म्हणजे उत्तर अंगाला आहे आणि पाणी पूर्वेकडे जातं. तेव्हा कालव्याच्या उत्तरेला चढाची जमीन आणि दक्षिणेला, नदीच्या बाजूला, मातीचा भराव. पाटबंधाऱ्यांचा तपासणी रस्ता सहसा या भरावाच्या माथ्यावर असतो. नीरेहून बारामतीकडे जाताना पाणी डाव्या हाताला आणि भिजणारी शेतं उजवीकडे, खाली. उत्तरेच्या काठाला पायवाट दिसली तरी तिच्या नादी लागू नका, ओढ्याशी ती तुटते.

दक्षिण काठाचा तोटा एकच. सगळ्या चाऱ्या आणि फाटे (शेतांकडे पाणी नेणारे छोटे पाट) त्याच बाजूने फुटतात. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी दरवाजा, त्याचा कठडा आणि रस्त्याला एक उंचवटा. त्याशिवाय शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी रस्ता आडव्या ओलांडतात. वर मातीचा ढीग असतो किंवा पाइप उघडाच. सकाळच्या तिरप्या उन्हात पुढच्या झाडाच्या सावलीत हा पाइप दिसत नाही, आणि हवा कमी असली की रिमखाली ट्यूब चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. असा सापाच्या दातासारखा जोड पंक्चर दिसला की काटा शोधत बसू नका. हवा वाढवा.

परवानगीचं म्हणाल तर ती जागा जलसंपदा विभागाची आहे. साखळी किंवा फाटक लावलेलं असेल तर पाटकरी जवळपास असतोच, त्याला विचारून जायचं. साखळीखालून सायकल ढकलू नका.

चेनरिंग
टायरबद्दल. ३८ चालेल, पण जागा आहे तर ४२-४५ घाला. मुरुमाने फरक पडत नाही, वाळलेल्या चाकोऱ्यांनी पडतो. काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी वाळली की सिमेंटसारखी होते आणि अरुंद टायर तिच्या काठाला घासून सायकल आडवी करतो.

तरी चाकोरीतूनच चालवा. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर गवत असतं आणि त्या गवतात सराटा. हिवाळ्यात सराट्याचा वेल वाळतो, काटेरी फळं सुटून तिथेच पडतात. शहरातले बहुतेक सायकलवाले बाभळीला घाबरतात. या पट्ट्यात पंक्चरांची संख्या सराटा वाढवतो, बाभूळ फक्त त्यांची खोली. वेड्या बाभळीचा काटा टायरात मोडून राहतो आणि दोन दिवसांनी आत पोचतो. शेताच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण दिसलं की उतरून सायकल उचलून न्या. ढोरं आत सोडण्यासाठी तो झाप रोज ओढला जातो आणि त्याचे तुकडे नेमके रस्त्यावर सांडतात.

हवा: तुमच्या वजनाला ३८च्या ट्यूबमध्ये पुढे ४२, मागे ४६ पीएसआय. ४५ ट्यूबलेस केलं तर पुढे २८, मागे ३२पासून सुरू करा. भवानीनगरच्या बाजूला डांबर जास्त लागलं तर ३-४ वाढवा.

माझं मत, ट्यूबलेस करा. ४५च्या टायरात प्रत्येक चाकात ९० मिली सीलंट. बाटलीवर लिहिलेला काळ थंड देशांचा असतो, आपल्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत वाळून आत रबराची पापडी होते. तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हचा गाभा काढून काडी घालून पाहा. काडी कोरडी आली तर नव्याने भरा. काटा उपटला की भोक खाली करून चाक तसंच अर्धा मिनिट धरा, सीलंट तिथे साचू द्या, मग चालवा. उपटल्यावर फवारा मारत राहिला तर भोक ३ मिमीपेक्षा मोठं आहे, वळवटीचा प्लग (भोकात खुपसायची चिकट रबरी वळी) लागणार.

सोमेश्वर_पट्टा
+१, पण एक गोष्ट राहिली आणि तिच्यात लोक दिवस घालवतात. ट्यूबलेस टायर फाटला आणि आत ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी बंद झालेले सगळे काटे टायरात तसेच टोचलेले असतात. त्यांची टोकं आत आलेली. ट्यूब घालून हवा भरली की पाच मिनिटांत तीन पंक्चर. म्हणून बारीक टोकाचा चिमटा जवळ ठेवा, टायर पूर्ण उलटा करा आणि जुन्या सुती कापडाचा बोळा आतून सावकाश फिरवा. कापड अडेल तिथे काटा. बोटाने करू नका, सराटा बोटात मोडला की बरेच दिवस लक्षात राहतो.

दोन दिवसांसाठी ट्यूबलेस करायलाच हवं असं मला वाटत नाही. ट्यूब, टायरच्या आत काटारोधक पट्टी, दोन जादा ट्यूब आणि आठ ठिगळं, एवढ्यावर काम होतं. पट्टीची कड मात्र काचकागदाने घासून मऊ करा. नाहीतर पट्टीच ट्यूब कापते. ठिगळ लावताना सोल्युशन पूर्ण वाळून त्याची चमक गेल्याशिवाय ठिगळ दाबायचं नाही, निम्मी ठिगळं घाईने सुटतात.

बारीक व्हॉल्व्हला जाड व्हॉल्व्ह करणारा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. तो असला की मोटारसायकलचं पंक्चर काढणाऱ्या कोणत्याही टपरीवर हवा मिळते. कॉम्प्रेसर मात्र टप्प्याटप्प्याने, मधे अंगठ्याने दाबून बघत. ट्रॅक्टरच्या टायरची सवय असलेला हात एका दमात ३८चा टायर रिमवरून उडवतो.

हंगामाचं. जानेवारी हवेला उत्तम, रस्त्याला वाईट. गाळप जोरात असतं. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती हे तिन्ही कारखाने याच पट्ट्यात, आणि ऊस रात्रंदिवस चालतो. भरावाला लागून ज्या शेतात तोड चालू असेल तिथला ऊस कालव्याच्याच रस्त्याने बाहेर निघतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. वळणावर मागची ट्रॉली आतून कापते, म्हणून वाट देताना वळणाच्या बाहेरच्या अंगाला थांबा, आतल्या कधीच नाही. बाहेर जागा नसेल तर मागे फिरून सरळ तुकड्यावर या. समोरून भरलेली बैलगाडी आली तर उतरून उभे राहा आणि बैलांपुढे घंटी वाजवू नका. अंधार पडायच्या आत सायकल बंद, कारण बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा काय, परावर्तकही नसतो.

रस्त्यावर पडलेलं पाचट कोरडं असलं तरी घसरतं, ते साखळीत आणि मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) चाकांत गुंडाळलं जातं. आवाज बदलला की लगेच पाय थांबवा. तसंच रेटलं तर हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) वाकतो किंवा तुटतो. सायकलच्या मॉडेलचा एक जादा हँगर पिशवीत हवा, तो बारामतीत मिळेल या भरवशावर राहू नका.

तारीख बदलता येत असेल तर मार्चचा शेवट बघा. गाळप आटोपत आलेलं असतं, चाकोऱ्या भुगा होऊन सपाट होतात. ऊन मात्र असतं, चालवणं सकाळी दहाच्या आत उरकायचं. आषाढीच्या आधीचे दिवस टाळा. माउलींची पालखी नीरेवरून आणि तुकोबांची बारामती, सणसरवरून जाते, तेव्हा या गावांत सायकल उभी करायला जागा नसते. आणि जून ते ऑक्टोबर काळी माती चाक आणि फ्रेम यांच्यात भरून चाक जाम करते. तेव्हा सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही तिला नेता.

पाटाकडेने
आवर्तन (कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) चालू आहे की नाही हेही बघा. तारखा कालवा सल्लागार समितीत ठरतात आणि स्थानिक पेपरात येतात. पाणी सुटलेलं असलं की भरावाच्या पायथ्याशी पाझर असतो आणि काही ठिकाणी माथाही ओलसर. मुरूम चालतो, माती चालत नाही.

पाणी भरलेलं असताना काठाला उतरू नका. अस्तरीकरण केलेल्या भागात बाजू तिरप्या, गुळगुळीत आणि शेवाळलेल्या असतात. आत पडलेला पट्टीचा पोहणाराही तिथे वर चढू शकत नाही, पायऱ्या किंवा दरवाजा येईपर्यंत वाहत जावं लागतं. बाटली भरायची तर गावात. दोन एक-लिटर बाटल्या पुरतात, फाट्याफाट्यावर चहाची टपरी आहे.

पुलाखाली आणि मोठ्या वडा-पिंपळावर आग्या मोहोळ असतं. त्याखाली थांबून फोटो नाही, अत्तराचं सनस्क्रीन नाही.

चेनरिंग
गिअरची काळजी नाही म्हणालात, पण सपाटीचा त्रास वेगळा आहे. चढ नाही म्हणजे उतारही नाही, पाय कधीच सुटत नाहीत. दोन तास एकाच बसणीत राहिलं की हातांची करंगळी बधिर होते. दर पंधरा मिनिटांनी दोन दात जड गिअर टाकून वीस-पंचवीस पेडल उभ्याने मारा आणि हात हँडलवर जागा बदलत ठेवा. जानेवारीत सकाळचा वारा पूर्वेचा असतो, म्हणजे बारामतीकडे जाताना तोंडावर. जोरदार नसतो, पण वेगाच्या अंदाजातून ताशी दोन किलोमीटर कापा.

जुनी_मोरी
टायरांच्या चर्चेत कालवा राहिला. १८७६-७८च्या दुष्काळानंतर हे काम झालं, १८८५मध्ये कालवा सुरू झाला. पाणी वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणातून येतं. आजचं भाटघरचं लॉइड धरण १९२८चं, वीर धरण त्याच्या बरंच नंतरचं. तुम्ही ज्या उसाला वैतागणार आहात तो या पाण्याचाच. विश्वेश्वरय्यांनी १८९९मध्ये दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत (जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची) मांडली, तिच्यात एका ब्लॉकमध्ये ऊस एक तृतीयांशच धरला होता, बाकी भात आणि कोरडवाहू पीक. आता दोन्ही बाजूंना काय दिसतं ते मोजत जा. वाटेत जुन्या घडीव दगडाच्या मोऱ्या लागतील. ओढा कालव्याखालून जातो तिथे खाली उतरून कमानीचे सांधे बघा. सायकल वर कुलूप लावून, मोहोळ आहे का ते आधी पाहून.

मुठाकाठ
सगळ्यांचे आभार. ४५चा टायर घालतो, ट्यूबलेस. तारीख हलत नाही, जानेवारीच. सकाळी सातला नीरा सोडून चारच्या आत बारामती. एकच शंका, बारामतीत कालवा गावातूनच जातो ना? तिथेही काठानेच जायचं?

सोमेश्वर_पट्टा
गावातून जातो, पण तिथे काठाला वस्ती, रहदारी आणि कुत्री. माळेगाव सोडलं की डांबरीवर या आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या पूर्वेला परत कालवा धरा. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका. उतरून सायकल मधे धरून चालत राहा, हद्द संपली की ते थांबतं.