पहिलीच्या वर्गात शाळेचा शंभरावा दिवस कसा साजरा करावा?

कडबा

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली आणि दुसरी माझ्याकडे आहेत. पहिलीची ११, दुसरीची ९, मिळून २० पोरं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवसापासून आम्ही काड्या मोजतोय. भिंतीला तीन डबे टांगलेत: सुट्टे, दशक, शतक. परिपाठ झाला की ज्याची पाळी असेल त्यानं सुट्ट्यांच्या डब्यात एक काडी टाकायची. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा दशकाच्या डब्यात. काड्या कडब्याच्याच आहेत, कापून बोटभर केलेल्या. खर्च शून्य. (रबर मात्र माझे. महिन्याला एक पुडी कुठे जाते ते फक्त दुसरीच्या पोरांना ठाऊक.)

आज ६१ वा दिवस. सहा गठ्ठे, एक सुट्टी काडी. तिसरा डबा रिकामा आहे आणि सगळ्यांचा जीव त्याच्यावरच टांगलाय. रोज कुणीतरी विचारतंच, "मॅडम, त्येच्यात कवा टाकायचं?" शंभराव्या दिवशी दहा गठ्ठे एकत्र बांधून त्यात टाकायचे असं मी सांगून बसलेय. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी, म्हणजे शंभरावा दिवस बरोबर अर्ध्या वाटेवरचा. तो जरा थाटात करावा असं मनात आहे. काय काय करता येईल?

अडचण अशी की कॅलेंडर घेऊन मोजलं तर शंभरावा दिवस दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. आणि आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. काही पोरं आजीजवळ राहतात, पण यंदा २० पैकी ८ जणं आईबापाबरोबर जाणार असं दिसतंय. रोज सगळ्यांच्या आधी येऊन डब्यांवरची धूळ पुसणारी पोरगीही त्यात आहे. तिच्यामागे शंभरी साजरी करायची म्हणजे मला कसंतरीच वाटतं.

आंबटगोड

मी न्यू जर्सीत असते. इथे बालवाडी-पहिलीत शंभरावा दिवस म्हणजे मोठाच सण. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, सुरुवात सप्टेंबरात, म्हणून तो फेब्रुवारीत कधीतरी येतो. मुलं घरून पिशवीत शंभर वस्तू भरून नेतात: बटणं, मणी, कापसाचे बोळे, काहीही. न्याहारीच्या सिरियलचे शंभर भोकवाले गोल दाणे ओवून माळ करतात आणि घरी येईपर्यंत ती निम्मी खाल्लेली असते. तुमच्यासारख्या काड्याही इथे मोजतात, फक्त त्या सरबताच्या नळ्या असतात.

शिवाय मुलांनी शंभर वर्षांचं म्हातारं होऊन यायचं असतं. केसांना पावडर, नाकावर चष्मा, हातात काठी. मी लेकीला आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा नेसवून, अंबाडा घालून, मोठं कुंकू लावून पाठवलं. तिच्या बाईंना ती भारतातली राजकन्या वाटली. लेक दिवसभर कंबर वाकवून चालली ते फुकटच गेलं.

फळाखडू

ताई, चौतीस वर्षं पहिलीच शिकवली, म्हणून लिहितो.

शंभर हा आकडा पोरांना डोळ्यांनी दिसत नाही, अंगानं कळतो. म्हणून अंगाचे खेळ घ्या. वर्गाच्या दारातून शंभर पावलं टाकली तर कुठवर पोचू? आधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा आणि तिथे खडूनं नाव लिहायचं, मग चालायचं. सगळ्यांनी मिळून शंभर उड्या. शंभर मोजेपर्यंत डोळे मिटून बसायचं. एका मुठीत चिंचोके किती मावतात ते बघून डब्यात किती असतील ते ओळखायचं. कागद, रंग, फुगे यांच्या मागे लागू नका. ते बघायला येणाऱ्यांसाठी असतं.

आणि मोजणी तोंडानं, मोठ्यानं होऊ द्या. आपल्या मराठीत पोरं अडतात ती 'एकोण'वर. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... पोरगं बिचारं नियम धरतं, एकोणनव्वदपर्यंत येतं आणि ऐन शेवटी आपण त्याला नव्व्याण्णव म्हणायला लावतो. 'एकोणशंभर' म्हणणारी पोरं मी दरवर्षी पाहिली. त्यांना चूक म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मलाही ते कानाला खटकलं होतं. पण वर्गात उभं राहून पाहिलेला माणूस त्यावर हसणार नाही.

आता तुमची खरी अडचण. शंभराचीच वाट बघायची असं कुणी सांगितलंय? आपल्या भाषेत पाऊणशे हा शब्द उगाच आहे का? पंच्याहत्तरावा दिवस दसऱ्याच्या आधी येतो. सगळी पोरं असताना पाऊणशे साजरा करा.

सहावा तास

दोन गोष्टी, अनुभवाच्या.

एक: चिंचोके पहिलीच्या हातात देऊ नका. माझ्या वर्गात एकानं नाकात घातला. मी काढायला गेलो तर आणखी आत गेला. तालुक्याला नेईपर्यंत त्याची आई आणि मी दोघंही रडायच्या बेतात. पोरगं मजेत, कारण पहिल्यांदाच मोटारसायकलवर पुढे बसायला मिळालं होतं. वस्तू नाकात न मावणारीच घ्या.

दुसरी: फोटो काढणार असाल तर एकच काढा, शेवटी. उपक्रम म्हटलं की फोटो टाका, लिंक भरा, आणि त्या नादात आपण पोरांना "इकडं बघा, इकडं बघा" करत बसतो. माझा एक अख्खा बालदिन असा गेलाय.

बाकी पाऊणशे पहिलीला कळेल का याची मला शंका आहे. पाव-अर्धा-पाऊण फार पुढचं झालं.

फळाखडू

कळायला कशाला हवं? शंभर मण्यांची माळ असेल ना शाळेत? ती दुमडा, परत दुमडा. चार तुकडे. तीन इकडे, एक तिकडे. एवढं बघितलं तरी पुष्कळ.

कडबा

सर, पाऊणशेनं माझा प्रश्नच सुटला. दिवस मात्र पितृपंधरवड्यात येतोय. आमच्या मुख्याध्यापकांनी "बघा बुवा" म्हटलं, आणि लगेच पेढे माझ्याकडून असंही म्हणाले, म्हणजे हरकत नसावी. म्हातारं होऊन यायची कल्पना आमच्याकडे नको. त्याऐवजी खऱ्या आज्यांनाच बोलावते. पुढचे पाच-सहा महिने बऱ्याच पोरांना त्यांनीच सांभाळायचंय.

कडबा (तीन आठवड्यांनी)

झाला पाऊणशे! लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

चिंचोक्यांऐवजी ओल्या शेंगा घेतल्या, टरफलासकट. एका मुठीत पहिलीच्या पोराला चार-पाच, मला अकरा. परातीत पंच्याहत्तर मोजून ठेवल्या होत्या. अंदाज आले वीस, हजार आणि "लई". मोजून झाल्यावर उकडायला दिल्या. आल्या तेव्हा परत मोजल्या तर एकोणसत्तर. खिचडीवाल्या ताई म्हणाल्या, मी चव बघितली. मग सहा गेल्या कशा यावर दुसरीनं वजाबाकी केली, मी न सांगता.

पावलांचा खेळ सगळ्यात रंगला. सगळ्यांचा अंदाज मारुतीच्या देवळापर्यंत. पहिलीतलं सगळ्यात बुटकं पोरगं पंच्याहत्तर पावलांत हापशापाशी थांबलं. मी चालले तर देवळाच्या पाराला पाय लागला. तो रडकुंडीला आला: "मॅडमचं पंच्याहत्तर मोठं हाय!" यावर पोरांत अर्धा तास भांडण. माझं पाऊल मोठं की माझं पंच्याहत्तर मोठं? मी तोंड उघडलं नाही. शेवटी दुसरीतल्या एकीनं काठी आणली आणि म्हणाली, आता दोघांनी हिनंच मोजा. मापनाचा धडा आम्ही जानेवारीत घेणार होतो.

गप्प बसायचा खेळ फसला. चव्वेचाळीसला कुणीतरी शिंकलं आणि सगळे फुटले.

आज्या सात आल्या. काड्या मोजायला दिल्या तर एकीनं गठ्ठे सोडले, वीस-वीसचे ढीग केले आणि म्हणाली, "तीन इसा न् पंधरा." पोरं बघतच राहिली. पाच इसा झाल्या की शंभर, हे तिनं त्यांना बोटं मोडून दाखवलं. सर, तुमच्या 'वीस एक'ची फार आठवण झाली. दशकाचे गठ्ठे परत बांधताना मात्र माझे रबर संपले.

मग माळ दुमडली. उरलेला चौथा तुकडा दाखवून मी विचारलं, हे पंचवीस दिवस कुठे मोजायचे? जाणारी पोरं गप्प झाली. त्यांच्यासाठी मी आधीच फडक्याच्या आठ पुरचुंड्या करून ठेवल्या होत्या, प्रत्येकीत पंचवीस काड्या. जायच्या दिवसापासून कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, रोज एक काडी बाहेर काढून ठेवायची. पुरचुंडी रिकामी झाली की तुमचे शंभर. त्या दिवशी मुकादमाच्या नाहीतर बापाच्या फोनवरून मला फोन करायचा. नंबर फडक्यावर पेनानं लिहिलाय.

सहावा तास

पाऊणशेबद्दलची शंका मागे घेतो. पण ताई, त्यांचे शंभर आणि शाळेचे शंभर एकाच दिवशी यायचे नाहीत. तुम्ही रविवार आणि दिवाळीची सुट्टी मोजत नाही.

कडबा

हो. नेमकं तेच विसरले होते. उसाच्या फडात रविवार नसतो.

कडबा (दिवाळीनंतर)

शाळेचा शंभरावा दिवस काल झाला. बारा पोरं होती. दहा गठ्ठे सुतळीनं बांधले तर ते तिसऱ्या डब्यात मावेनात. डबा लहान पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पोरांनी डबा काढून टाकला आणि शेकडा तसाच खिळ्याला टांगला. आज १०१ वी काडी सुट्ट्यांच्या डब्यात एकटीच पडली, तेव्हा "परत पहिल्यापासून?" म्हणून एकानं कपाळाला हात लावला.

फोन आतापर्यंत तीन आले. दोघांनी पंचवीस संपल्या एवढंच सांगितलं आणि ठेवला, मागे कुणीतरी ओरडत होतं. तिसरा त्या धूळ पुसणाऱ्या पोरीचा. तिचे आईबाप टायरगाडीवर, म्हणजे ऊस वाहायच्या बैलगाडीवर, आहेत. म्हणाली, "मॅडम, माझ्या काड्या बैलानं खाल्ल्या." कडब्याच्या काड्या, खाणारच. मी म्हटलं, असू दे गं, किती झाल्या होत्या? "सतरा." मग आता कसं करतेस? म्हणाली, उसाच्या पाचटाच्या तोडून घेतल्या. मी विचारलं, पुन्हा पंचवीस?

"न्हाई. आठच की."