मदत हवी आहे: रोटलेवी–रुबिनस्टाईन, १९०७. पांढऱ्याचं नेमकं कुठे बिनसलं?

नमस्कार मंडळी,

सोसायटीतल्या मुलांना रविवारी बुद्धिबळ शिकवतो. पुढच्या वेळी लोड्झचा (आजच्या पोलंडमधलं शहर) हा गाजलेला डाव दाखवायचाय. तार्राश बचाव (डावाच्या सुरुवातीची एक ठरलेली पद्धत), काळी मोहरी रुबिनस्टाईनकडे, २५ चालींत खलास. शेवटची आतषबाजी मुलांना आवडणारच. माझं घोडं अडलंय त्याच्या आधी.

पांढऱ्याने १५व्या चालीला कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) केलं की पट बघा. दोन्ही बाजू आरशात बघाव्यात तशा हुबेहूब. फक्त काळ्याचा हत्ती डी८वर (डी स्तंभातलं आठवं घर) आलेला, आणि वर खेळीही त्याचीच! पांढऱ्याचा वजीर आधी डी२, मग ई२. उंट डी३, सी४, परत डी३. दोन चाली फुकट. पण तेवढ्याने कोणी हरतं का? मला नाही वाटत.

माझा संशय १७व्या चालीवर, प्यादं एफ४. कारण कळतं: नाहीतर काळा उंटाने एच२ मारून वजीर डी६वर शह देतो आणि डी३चा उंट परत मिळवतो, वर एक प्यादं खिशात. पण एफ४ आणि मग ई४-ई५ खेळल्यावर राजासमोरचा कर्ण सताड उघडा पडला, आणि काळ्याचा उंट बी६वरून शह देऊन तिथेच ठाण मांडून बसला. त्याऐवजी एफ१चा हत्ती डी१ला आणला असता तर? डी३ला दुहेरी जोर मिळतो. की त्यातही काही खोट आहे?

दुसरी शंका, २२व्या चालीला पांढऱ्याने प्यादं जी३ऐवजी एच३ला नेलं तर? मला सापडलेलं असं: हत्तीने सी३चा घोडा मारायचा, उंटाने हत्ती मारला की उंटाने ई४. आता पांढऱ्या वजिराने ई४ मारलं तर काळा वजीर जी३; प्याद्याने जी४चा घोडा खाल्ला की वजीर एच४, मात! त्याऐवजी वजिराने घोडाच मारला तर वजिरावजिरी, प्याद्याने जी४, मग हत्ती डी३ आणि एच३वर मातेची धमकी. राजा एच२ला सरकला की सी३चा उंट जातो. यात पांढऱ्याला सुटका दिसते का कुणाला?

इंजिनाचे (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमचे) आकडे नकोत, ते माझ्याकडेही आहेत. दहा वर्षांच्या पोराला पटेल असं कारण हवंय.

आणि जोडीला आनंदचा २०१३चा वाईक आन झेमधला (नेदरलँड्समधली स्पर्धा) ग्रँडमास्टर अरोनियनविरुद्धचा डावही त्याच दिवशी घ्यावा का? तिथेही काळ्याचे उंट असेच राजावर रोखलेले आणि घोडा जी४वर. की एका बैठकीत जास्त होईल?